बाटलीतली साखर

टिल्ली माझी धाकटी बहीण, दहावीत आहे. ती झोपेच्या गोळ्या चोरून घेते हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. त्याच मैत्रिणीला ती म्हणाली होती, "मी नसले तर कुणाचं काही अडणार नाही."

डॉक्टरीणबाईंनी आईला आणि मला समोर बसवून सांगितलं, "या वयात नशा आणि असलं बोलणं एकत्र आलं की हसण्यावारी न्यायचं नाही. तिला एकटं सोडू नका. आणखी काय घेते ते आधी कळू दे."

त्यांच्या लॅबमध्ये तपासण्या मीच करते, त्यामुळे हीसुद्धा माझ्याकडे आली. टिल्ली कुरकुर न करता तयार झाली. सकाळी आईने तिच्या लघवीची बाटली माझ्या हातात दिली.

नशेचं काहीच सापडलं नाही, झोपेच्या गोळीचंही नाही. जीव भांड्यात पडला. मग हाताला सवय म्हणून लघवी तपासायची नेहमीची पट्टीही बुडवली. तिच्यावरचा साखरेचा चौकोन बघता बघता तपकिरी झाला, म्हणजे साखर भरपूर.

टिल्लीला मधुमेह नाही. आमच्या घरात तो एकीलाच आहे.

मी तशीच घरी गेले. आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई, बाटली कुणाची होती?"

"कुणाची म्हणजे? टिल्लीची."

"मग तुझी साखर तिच्यात कशी आली?"

घडी अर्धवट राहिली. "कागदावर एकदा आलं की पोरीला जन्मभराचा डाग. तुझं काय जातंय? शिकलीस, सुटलीस."

"आणि तिनं जिवाचं काही केलं तर?"

"शुभ बोल गं!"

"ताई," दारातून टिल्ली म्हणाली. ती कधीपासून उभी होती कोण जाणे. "मी माझी बाटली भरून दिली होती. खरी."

"ओतून टाकली," आई पुटपुटली. "तुझ्यासाठीच गं, बाळा."

"मला वाटलं, आता तरी कुणाला तरी कळेल."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, सरळ विचारायचं, विचारल्यानं काही वाढत नाही. मी विचारलं, "टिल्ली, मरावंसं वाटतं?"

"गोळी असते तोवर नाही. उतरली की आधीपेक्षा जास्त."

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, आत्ताच या. आईने घाईघाईने चपला चढवल्या.

"तू नको येऊस," टिल्ली म्हणाली, आणि माझा दंड घट्ट धरून जिना उतरू लागली.