मालक म्हणजे मालक

त्या शनिवारी सकाळी ताईचा फोन आला, तेव्हा मी एका पायात चप्पल घालून दुसरी शोधत होते. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. सार्वजनिक वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसते आणि घरातही तिथल्यासारखंच बोलते, हळू आवाजात, पण दंड लावल्यासारखं.

"वर्ग सुटला की इकडे वाचनालयात ये. येताना एक जाड मेणबत्ती आण."

"का, लाइट गेलेत?"

"दाराला चोळायला. ते सरकतं दार पुन्हा अडलंय. साबण झाला, तेल झालं, आता मेण."

"ताई, आठ महिने तू त्या दाराला मालिश करतेयस. एवढी सेवा भावजींची केली असतीस तर..."

"तुझ्या भावजींना नुसतं बघितलं तरी ते सरकतात. दाराला डोळे नाहीत. आण गुपचूप."

मी कोपऱ्यावरच्या दुकानातून मेणबत्ती घेतली, पर्समध्ये टाकली आणि विद्यापीठात गेले.

विद्यापीठात म्हणजे शिकायला. वय वर्षं बावन्न. एका बांधकाम कंत्राटदाराच्या ऑफिसात मी बावीस वर्षं कागद सांभाळते. टायपिंग स्वतःच शिकले, दोन बोटांनी सुरू केलं, आता चार बोटांवर आलेय. पुढचंही बरंचसं असंच, पाहून पाहून. मग शनिवार-रविवारच्या वर्गाची जाहिरात वाचली, 'प्रकल्प जोखीम व्यवस्थापन', आणि वाटलं, आयुष्यभर जे कागद टाईप केले ते कशासाठी होते, हे एकदा कळून तरी घ्यावं. नवरा म्हणाला, "घरातली जोखीम पुरत नाही का तुला?" पण फॉर्मवरचा फोटो त्यानेच चिकटवला, तोही सरळ.

वर्गात सव्वीस जण. पंचवीस जणांची आई शोभेन अशी मी. सगळे मला काकू म्हणतात. शेजारी बसते तिला आम्ही टक्केवारी म्हणतो, कारण त्या मुलीच्या तोंडून टक्क्यांशिवाय वाक्य निघत नाही. "काकू, आज मॅडम चिडण्याची शक्यता चाळीस टक्के."

मॅडम चिडल्या नव्हत्या. उलट खुशीत होत्या. त्यांनी प्रत्येकाच्या हातात तीन पानं दिली.

"ही एका खऱ्या कामाची जोखीम नोंदवही. नावं मी काळ्या शाईने झाकलीत. आपण आज हे कसं करू नये ते शिकणार आहोत. रकाने बघा. पहिल्यात अनुक्रमांक. दुसऱ्यात काय बिघडू शकतं. तिसऱ्यात त्यावर उपाय. आणि चौथा, सगळ्यात महत्त्वाचा, 'जोखीम मालक'. म्हणजे काय?"

"ज्याचं नुकसान होणार तो," मागून कोणी तरी म्हणालं.

"नाही. त्या एका गोष्टीवर डोळा ठेवणारं माणूस. वेळेत ओरडायचं काम ज्याचं, तो. एकच माणूस. नाव, फोन नंबर. आता वाचा चौथा रकाना."

आम्ही वाचला. बावीस ओळी. आणि चौथ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत: मालक, मालक, मालक, मालक.

वर्ग हसत सुटला. एक जण म्हणाला, "मॅडम, या माणसाला जेवायला तरी वेळ मिळत होता का?" मी तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. बावीस वेळा! नावाच्या जागी नाव लिहायचं सोडून बावीस वेळा रकान्याचं शीर्षकच लिहून ठेवलंय. कुठला हा दिव्य कारकून?

"आणि काकू, हे बघा," टक्केवारी माझ्या पानावर बोट ठेवून म्हणाली, "शेवटची ओळ. 'वरील सर्व जवाबदारी'. जवाबदारी! ब चा व! शंभर टक्के नापास."

मी हसायची थांबले.

जवाबदारी मी लिहिते. असंच, व लिहून. मला नेहमी वाटत आलंय की जो जवाब देतो त्याची ती जवाबदारी. माझ्या गृहपाठात मॅडमनीच दोनदा लाल गोल केलाय. आणि पानाच्या तळाशी, मधोमध, तीन फुल्या होत्या. कागद संपला हे कळावं म्हणून मी टाकते त्या. दुसरं कोणी टाकताना मी पाहिलं नाही.

मी पान उलटं केलं. पुन्हा सुलटं केलं. फुल्या तिथेच होत्या.

चार वर्षांपूर्वीची दुपार मला जशीच्या तशी आठवली. ताईच्याच वाचनालयात आतून नवी गॅलरी, म्हणजे अर्धा मजला, उभारायचं काम आमच्या ऑफिसला मिळालं होतं. संध्याकाळपर्यंत कागद द्यायचे होते. मी साइटवरच्या इंजिनिअरला फोन लावला. पलीकडे काँक्रीटचं मशीन धडधडत होतं.

"साहेब, चौथ्या रकान्यात मालक लिहिलंय वर. खाली काय टाकू?"

"मालक म्हणजे मालक! दुसरं काय असतं?" तो ओरडला आणि फोन ठेवून दिला.

आमच्या ऑफिसात कंत्राटदाराला सगळे मालकच म्हणतात. मी म्हटलं, बरोबर आहे, सगळं शेवटी त्यांनीच बघायचं. बावीस वेळा टाईप केलं. चारच बोटं, तरी पंधरा मिनिटांत संपवलं आणि स्वतःवर खूश झाले.

"काकू, पाणी देऊ का?" टक्केवारीने विचारलं. तिने टक्का सांगितला नाही, त्यावरून मला कळलं माझा चेहरा कसा झाला असेल.

मी गॅलरीची ओळ शोधली. चौदावी आहे हे आधी माहीत नव्हतं, पण बोट तिथे जाऊन थांबलं. 'गॅलरीत वाचनाच्या टेबलांऐवजी पुस्तकांचे लोखंडी रॅक ठेवले गेल्यास तुळईला वजन झेपणार नाही.' उपाय: 'दर सहा महिन्यांनी पाहणी.' जोखीम मालक: मालक.

गेल्या वर्षी तळघरात ओल आली म्हणून जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड गॅलरीत हलवले, रॅकसकट. हे मला ताईनेच सांगितलं होतं. चार दिवस तिची कंबर दुखत होती आणि मी तिला शेक दिला होता. त्याच गॅलरीच्या तुळईखाली ते सरकतं दार आहे. दाराच्या अलीकडे ताईचं टेबल.

दार अडत नव्हतं. वरून तुळई खाली येत होती.

आठ महिने येत होती. ताई रोज दाराला साबण लावत होती, तेल लावत होती, आणि मी फोनवर विनोद करत होते. माझ्या पर्समध्ये मेणबत्ती होती.

"मॅडम," मी उभी राहिले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "हे मी टाईप केलंय."

वर्गातलं उरलेलं हसू विझलं. मॅडम काही तरी समजूतदार बोलणार होत्या, पण मी त्यांना बोलू दिलं नाही. चौदावी ओळ, रॅक, दार, जे सुचेल तसं सांगितलं. बोलता बोलताच मी ताईला फोन लावला होता.

"ताई, सगळ्यांना बाहेर काढ."

"काय झालं? आज परीक्षेची मुलं आलीत, एक खुर्ची रिकामी नाही."

"त्यांनाच काढ. गॅलरीखालून हो बाजूला. तूसुद्धा."

"अगं, आत्ता कुठे सुतार आलाय. दार उतरवून वरची कड तासून देतो म्हणालाय. ते झालं की..."

"दाराला हात लावू देऊ नकोस!"

मी इतकी ओरडले की शेजारच्या वर्गाचं दार उघडलं. पलीकडून ताईचा तोच आवाज, दंडाचा. "हे बघ, तू चार पुस्तकं शिकलीस म्हणून मी भरलेलं वाचनालय रिकामं करायचं का?"

आमच्या घरात धाकटीचं थोरलीने ऐकल्याची नोंद नाही. मला आणखी कुठला शब्द सापडेना. मी खरं तेच बोलले.

"ताई, कोण बघणार ते मी लिहायचं होतं. मी चुकीचं लिहिलं. चार वर्षं कोणी बघितलेलंच नाही. तू त्याच्याखाली बसतेस. चूक माझी आहे ताई."

रडायला लागेन म्हणून मी ओठ दाताखाली धरला. मग फोनमधून एक आवाज आला. एकोणीस वर्षांत त्या खोलीने ऐकला नसेल असा. "उठा! सगळे उठा! पुस्तकं तिथेच टाका!" आणि ताई पुस्तकं टाका म्हणाली, तेव्हा कुठे मी श्वास घेतला.

मॅडमच्या गाडीतून आम्ही तिघी गेलो. टक्केवारी मागे बसून माझा दंड घट्ट धरून होती, जणू गाडीतून मीच पडणार होते.

फुटपाथवर चाळीसेक मुलं उभी होती. सुतार हातात रंधा घेऊन कुरकुरत होता, "अर्धा दिवस गेला माझा." ताई मुलं मोजत होती. मला बघून तिने फक्त हात केला आणि मोजणं चालू ठेवलं.

मॅडमनी बोलावलेला विद्यापीठातला इंजिनिअर तासाभरात आला. त्याने कोणालाच आत येऊ दिलं नाही. आम्ही खिडकीतून बघत होतो. त्याने तुळईच्या वरच्या कडेला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली. दोन्ही टोकांना दोरी कडेला चिकटलेली. मधोमध तुळई दोरीपासून चार बोटं खाली गेलेली.

एवढंच. कुठे तडा नाही, धूळ नाही, आवाज नाही. दोरी सरळ आणि तुळई पोट सुटल्यासारखी. मी त्या चार बोटांकडे बघत राहिले. माझीच चार बोटं, असं काहीतरी डोक्यात आलं.

इंजिनिअर बाहेर आला तो सुताराकडे बघत. "दार उतरवलं नाहीत ते बरं केलंत. त्याने किती भार पेलला असेल मला सांगता येणार नाही. पण मला ते आज तपासून बघायचं नव्हतं." सुताराने रंधा पिशवीत ठेवला आणि पायरीवर बसला.

दुपारी टेकू लागले. आमचे मालक आले, वाचनालयाचे अध्यक्ष आले. मॅडमनी ते पान दोघांपुढे धरलं.

"मला वाटलं मालक म्हणजे वाचनालय," मालक म्हणाले. "इमारत त्यांची."

"आम्हाला वाटलं मालक म्हणजे तुम्ही," अध्यक्ष म्हणाले. "तुमची माणसं तुम्हाला तेच म्हणतात."

तळाशी काळ्या शाईखाली दोघांच्याही सह्या होत्या. मालकांनी माझ्याकडे बघितलं. सोमवारी ऑफिसात काय होणार ते त्या बघण्यात होतं, पण मला त्याची भीती वाटायला जागाच उरली नव्हती.

अध्यक्ष म्हणाले, नोंदवही आजच्या आज नव्याने करा. पायरीवर बसून मी हाताने रकाने आखले. चौदाव्या ओळीत 'पाहणी, रोज' लिहिलं आणि चौथ्या रकान्याशी थांबले.

"माझं लिही," ताई म्हणाली. ती कधी शेजारी येऊन बसली कळलंच नाही. "त्या दाराशी रोज भांडत कोण होतं? मीच. फक्त कोणाला सांगायचं ते माहीत नव्हतं."

"कोणाला सांगायचं तिथे माझं लिहिते," मी म्हटलं.

मी तिचं पूर्ण नाव लिहिलं, फोन नंबर लिहिला. त्याखाली माझं, माझा नंबर. अक्षर वेडंवाकडं येत होतं. खाली 'वरील सर्व जवा' इथपर्यंत आले आणि ताईने पेन धरलं.

"ब आहे तो."

"माहितीये."

"मग लिही."

मी लिहिला. तिने पान वाचलं, घडी घातली, माझ्या मांडीवर ठेवलं.

"मेणबत्ती आणलीस?" तिने विचारलं.

मी पर्समधून काढून दिली. दिवसभराच्या उन्हाने ती मऊ पडून वाकली होती, बरोबर मधोमध. ताईने ती बघितली, मी बघितली, आणि तिने माझा हात आपल्या हातात घेतला.