रू ढवळताना बोलायचं नाही

“दहा झाले. पुरे.”

आवाज गोड होता, हीच त्यातली वाईट गोष्ट. जाड, सावकाश, काकवीसारखा. वीसेक वर्षांपूर्वी कोर्टाच्या मागच्या खोलीत, बंद दाराआड ऐकलेला. अर्लीनच्या कानातून तो कधी गेला नाही. भांडी घासताना यायचा, प्रार्थनेला डोळे मिटले की यायचा, आणि आज चर्चच्या स्वयंपाकघरात तापल्या तेलात रूसाठी मैद्याची पहिली मूठ टाकताना आला. तिनं लाकडी पळी उचलली आणि ढवळायला लागली.

बाहेर नोव्हेंबरची दुपार, पण ऊन कोंदट, तपकिरी. सेंट अल्मा परगण्यात उसाचे फड पेटवले होते. पाचटाची राख केसासारखी बारीक होऊन हवेत तरंगत होती आणि चर्चच्या पायऱ्यांवर, गाड्यांच्या काचांवर, बायकांच्या पांढऱ्या टोप्यांवर अलगद उतरत होती. कुणी झटकत नव्हतं. झटकली की पसरते.

रू ढवळताना बोलायचं नाही, हा अर्लीनच्या आईचा नियम. बोललं की हात मंदावतो, हात मंदावला की तळ धरतो, आणि तळ धरलेल्या रूचा गंबो, तो मांस-भेंडीचा दाट रस्सा, कुत्रंसुद्धा हुंगत नाही. आईकडे घड्याळ नव्हतं. गाणं होतं.

*ढवळ बाई, ढवळ बाई, तळाला लागू देऊ नको,*
*ओठावर आलेलं, ओठाबाहेर येऊ देऊ नको.*

हळूहळू म्हणत राहायचं. आधी मैदा वाळूच्या रंगाचा होतो, मग नव्या तांब्याच्या, मग पाणथळीतल्या चिखलाच्या. चिखलाचा रंग आला की गाणं थांबवायचं आणि चिरलेला कांदा आत लोटायचा. तोवर कुणीही येवो, काहीही विचारो, उत्तर द्यायचं नाही. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

टाविया ढोपरानं दार ढकलून आत आली. तिच्या दोन्ही हातांत भाताची परात होती.

“मिस अर्लीन, हॉल भरलाय. ही कुठे ठेवू?”

अर्लीननं हनुवटीनं ओटा दाखवला.

“बरोबर, रू चाललाय. आजी म्हणते, मिस अर्लीनला काही विचारायचं असेल तर देव परत येईपर्यंत थांबा, तोवर गंबो तरी होईल.”

अर्लीन नाकातल्या नाकात हसली. हात थांबला नाही.

टाविया मार्सेलची मुलगी. बापाला जन्मठेप झाली तेव्हा ती रांगत होती. आता परगण्यातल्या अशा सगळ्या घरांची दारं ती वाजवायची, बायकांना घेऊन कोर्टाच्या बाकांवर बसायची, चर्चच्या हातपंख्यांवर आत अडकलेल्यांचे चेहरे छापून आणायची. आजची ताटं मार्सेलच्या खटल्याच्या खर्चासाठी विकायची होती, आणि हॉलमध्ये आत्ता त्याचा चेहरा शंभर हातांत हलत होता.

त्या काळी लुईझियानात ज्यूरीच्या बारा पंचांपैकी दहांचं एकमत झालं की माणूस दोषी ठरायचा. उरलेल्या दोघांनी काहीही म्हणावं. तो कायदा गेला, पण त्या कायद्यानं आत गेलेली माणसं आतच राहिली. परगण्याचा नवा सरकारी वकील म्हणाला होता, बाराही जणांचं एकमत नव्हतं एवढं शपथेवर दाखवा, खटला पुन्हा उघडू. आणि मार्सेलच्या खटल्यात किती विरुद्ध किती, हे कुठंच नोंदलं गेलं नव्हतं. न्यायाधीशानं एकेकाला विचारलं नव्हतं. मार्सेलचा वकील तेव्हा बॅग आवरत होता.

म्हणून टाविया त्या बारा जणांची दारं वाजवत हिंडली. कुणी स्मशानात होतं, कुणी टेक्ससला गेलं होतं, कुणी पडद्याआड उभं राहून ती जाण्याची वाट बघत होतं. मिस क्लेअर, गोऱ्यांच्या वस्तीतल्या शाळेची म्हातारी बाई, बोलेल असं वाटत होतं, तर तिला गेल्या हिवाळ्यात पुरलं. उरली अर्लीन. ज्यूरीतली एकटी काळी बाई. तिच्या ओसरीवर टाविया दोनदा येऊन बसली होती. दोन्ही वेळा अर्लीननं तिला रताळ्याची गोड पेस्ट्री खायला घातली आणि हवापाण्याचं बोलली.

सुनावणी सोमवारी होती. आज शनिवार.

“वकीलबाई आल्यात,” टाविया जाता जाता म्हणाली. “बाहेर बसल्यात माझ्याजवळ. आज दिवसभर आहेत.” एवढंच. दार तिच्यामागे हलत राहिलं.

मैदा वाळूच्या रंगावर आला होता.

मागचं दार वाजलं ते न वाजवल्यासारखं. कॅप्टन थिबो टोपी काढून आत आला. शेरिफच्या कचेरीतला मोठा माणूस, पण अर्लीनला तो आखूड पँटमधला आठवत होता, बापाच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे मोजणारा.

“वास हायवेपर्यंत आलाय, मिस अर्लीन.”

पळी क्षणभर अडखळली. तोच आवाज. बापाचा आवाज पोराच्या गळ्यात जसाच्या तसा येऊन बसला होता.

“बाबांनी विचारलंय तुम्हाला. गुडघे गेलेत, पण डोकं शाबूत आहे. म्हणत होते, अर्लीन शहाणी बाई. त्या खोलीत सगळ्यांत शांत तीच होती.”

अर्लीननं पळी फिरवली. तळ, कड, मध्य.

“केंड्रेल कसाय? सुटून आलाय, पॅरोलची देखरेख थोडीच राहिलीय ना आता? चांगलं पोर. नातवाच्या बाबतीत नशीब काढलंत.” त्यानं ओट्यावरची भेंडी उचलली, वास घेतला, परत ठेवली. “त्याच्या गाडीचा मागचा दिवा गेलाय. बदलून घ्यायला सांगा. आमची पोरं नवी आहेत, उतावळी. रस्त्यात थांबवतात, मग एकातून एक काढत बसतात.”

सकाळी केंड्रेल कामावर निघाला तेव्हा अर्लीन रोजच्यासारखी ओसरीवर उभी होती, गाडी वळणाआड जाईपर्यंत. मागचे दोन्ही दिवे लालभडक होते, चुलीतल्या निखाऱ्यांसारखे.

“मी हॉलमध्ये आहे,” कॅप्टन म्हणाला. “एक ताट मीही घेतो. चांगल्या कामाला हातभार.”

तो गेला. फरशीवर त्याच्या बुटांची राख उमटली होती, ओट्यापर्यंत येऊन वळलेली.

अर्लीननं गाणं धरायचा प्रयत्न केला. शब्द सापडेनात. मैदा तांब्याचा झाला होता, हात आपला आपण फिरत होता.

कोठीच्या दारात कुणीतरी उभं होतं.

ओडेलिया. मार्सेलची आई. सेवेकरणीचा पांढराशुभ्र पोशाख, हातात थाळ्यांची चवड. ती कधीची तिथं होती, कोण जाणे. या स्वयंपाकघरात ती अर्लीन असताना पाऊल टाकत नसे. खटला संपला त्या वर्षी एकदाच आली होती. “अर्लीन, तू आत होतीस,” एवढंच म्हणाली होती, आणि अर्लीननं पळीनं कढईकडे बोट दाखवलं होतं. ओडेलिया रंग येईपर्यंत भिंतीला टेकून थांबली, मग निघून गेली. तेव्हापासून चर्चच्या जेवणात ती नुसता भात खायची. अर्लीनच्या गंबोचा थेंब तिनं ताटात पडू दिला नाही. आणि तिची पावलं ऐकू आली की अर्लीन चूल पेटवायची.

ओडेलियानं थाळ्या खाली ठेवल्या. एकही वाजली नाही.

“केंड्रेलचे दिवे शाबूत आहेत,” ती म्हणाली. “सकाळी माझ्या दारावरून गेला.”

अर्लीननं मान हलवली.

“मार्सेलचाही दिवा गेला नव्हता. थांबवलं तेव्हा.”

हॉलमधून हसण्याचा आवाज आला. कॅप्टन कुणाला तरी चुटका सांगत होता.

“तू ढवळ, बाई. मी विचारायला आले नाही.” ओडेलियानं पोशाखावरची राख बघितली आणि तशीच राहू दिली. “खूप शिव्या दिल्या तुला इतकी वर्षं. प्रार्थना करता करता. देवाला कळेना झालं असेल, ही माझ्याशी बोलतेय की अर्लीनशी. तू पण हो म्हणालीस त्यांच्यात, आपली असून, एवढंच डोक्यात.” ती थांबली. “पण तुझं पोर घरी आहे, अर्लीन. राहू दे घरीच. सोमवारी तुला बोलवू नकोस असं मी टावियाला सांगते, आजीनंच नको म्हटलं म्हणून. दर रविवारी तुरुंगाच्या बससाठी दोन म्हाताऱ्या कशाला उभ्या करायच्या? एक पुरे.”

पुरे.

अर्लीनचा हात थांबला.

तिनं तो थांबवला नव्हता. मनगट आडवं झालं, पळी कढईच्या काठाला टेकली आणि तिथंच राहिली. मध्यभागी तांब्याचा रंग गडद झाला, एक काळा ठिपका उमटला, मग दुसरा.

“अगं, लागेल,” ओडेलिया म्हणाली.

अर्लीननं पळी सोडून दिली.

धूर आधी निळसर निघाला, मग पिवळा. जळक्या मैद्याचा कडू वास वाढायच्या खिडकीतून हॉलमध्ये गेला आणि तिकडचा गलका एकेक टेबल करत विझला.

“मिस अर्लीनचा रू जळला?” कुणीतरी म्हणालं. “जगबुडी आली की काय?”

एरवी हशा पिकला असता. आज पंखे थांबले. मार्सेलचा चेहरा ओळीओळीनं स्थिर झाला.

ओडेलियानं पुढे होऊन चूल बंद केली. अर्लीननं एप्रनला हात पुसले, एकेक बोट, आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. समोर टाविया खुर्चीतून अर्धवट उठलेली. शेजारी वकीलबाई, हातात पेन. दाराजवळ कॅप्टन थिबो, हातात बटाट्याच्या कोशिंबिरीचं ताट, घास तोंडाशी.

“ती बायबलची प्रत आहे ना तिथं,” अर्लीन वकीलबाईला म्हणाली, “ती इकडे आणा. लिहून घ्या.”

“सोमवारी म्हणालात तरी चालेल, मिस अर्लीन,” वकीलबाई हळूच म्हणाली. तिची नजर दाराकडे गेली होती.

“रू आत्ता जळलाय.”

बायबल खिडकीतून आत आलं. अर्लीननं त्यावर हात ठेवला. बोटांना मैदा लागलेला होता.

“मिस क्लेअर पहिल्यांदा बोलली. ती नाही म्हणाली. मग तुमचे वडील, कॅप्टन, टेबलाभोवती बोट फिरवत गेले. एकेक जण हो म्हणत गेला. दहा झाले, पुरे म्हणाले, आणि कागदावर सही केली. शेवटची खुर्ची माझी होती. खिडकीजवळची. माझ्यापर्यंत बोट आलंच नाही.”

कॅप्टननं ताट शेजारच्या टेबलावर ठेवलं. सावकाश, सांडू न देता. मग खिशातून फोन काढला आणि बाहेर गेला. दार उघडलं तेवढ्यात राखेचा एक झोत आत येऊन टेबलांवर बसला.

अर्लीनला ते दिसलं. वळणाआड जाणारे दोन लाल दिवे दिसले. तिनं ओडेलियाकडे तोंड फिरवलं.

“मला कुणी विचारलंच नाही, आणि मीही उठून बोलले नाही. तुला काय सांगणार होते? शब्द तोंडात होता, अजून आहे.”

कढईतला धूर दोघींच्या मधून वर जात होता.

“विचार,” अर्लीन म्हणाली. “तू विचार मला.”

ओडेलिया धुरातून एक पाऊल पुढे आली. “माझ्या मार्सेलनं ते केलं होतं का, अर्लीन? तुला काय वाटलं होतं?”

“नाही,” अर्लीन म्हणाली.