तेजोनाथ बाबांची चकती

"आधी उजेड बघा, मग आकडे लावा. फोनसारखं सगळं कॅमेऱ्यावर सोडून देऊ नका." रविवारच्या फोटोग्राफीच्या वर्गातलं रुचिरा मॅडमचं हे सांगणं मालनकाकूंच्या कानांत होतं, आणि डोळ्यांपुढे होते साक्षात तेजोनाथ बाबा!

बोरीवलीतल्या काकूंच्या सोसायटीचा हॉल खचाखच भरला होता. खुर्चीत माणूस बसवायचा, बाबांचा शिष्य नितेश फोटो काढणार आणि समोरच्या मोठ्या टीव्हीवर त्या माणसाचं पाप-पुण्य दिसणार. सेक्रेटरी दशरथराव बसले, तर टीव्हीवर नुसता लखलखाट.

"बघा, पुण्याची ट्यूबलाइट!" बाबा गरजले. "कॅमेरा कधी खोटं बोलत नाही, बेटा."

टाळ्या पडल्या. बंद लिफ्टपायी गुडघे धरून जिने चढणाऱ्या बायकांनीही त्या वाजवल्या. बाबांना हॉल फुकट दिल्याचं पुण्य एवढं झळाळतं, हे बिचाऱ्यांना आजच कळलं.

मग काकूंची नवी सून दीप्ती बसली. बसता बसता म्हणाली, "बाबा, लिफ्टवाल्याचाही फोटो काढा ना. कुठे अडकलाय ते तरी दिसेल!"

हॉल हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी दाढी कुरवाळली, तसा नितेशचा अंगठा कॅमेऱ्यावरच्या चकतीवर फिरला, आणि टीव्हीवर दीप्तीच्या जागी काळोख उमटला.

"छाया! हिच्या हातून यंदा देवाचं काही करवून घेऊ नका. घर बसेल."

दीप्तीचा चेहरा उतरला. लग्नानंतरच्या पहिल्या गौरी तोंडावर आल्या होत्या. कोकणातल्या घरी नव्या सुनेनं वाणाची सुपं भरून गौरीपुढे ओवाळायची, ओवसायची रीत. 'तुझा पहिला ओवसा मी थाटात करीन,' असा शब्दच काकूंनी तिला दिला होता.

"आई, यंदा राहू दे ना ओवसा," मुलगा सिद्धेश कानाशी लागला. "उगाच रिस्क कशाला?"

काकूंनी टीव्हीवरचा काळोख निरखला. रोजचं पारायण कधी न चुकवलेली बाई ती. समईच्या उजेडात देवघरातल्या बाळकृष्णाचा फोटो फोनवर धड येईना, म्हणून तर त्यांनी वर्ग लावला होता. पहिल्याच दिवशी शटरचा आकडा चुकला आणि बाळकृष्ण कोळशासारखा आला. काकूंनी घाबरून कान पकडले, तर मॅडम म्हणाल्या, "देव आहे तस्साच आहे हो. उजेड तुम्ही कमी घेतलात."

आता बाळकृष्णाच्या अंगी कुठलं पाप?

काकू उठल्या. हात जोडून हळूच म्हणाल्या, "बाबा, तुमचंही तेज बघू द्या. बसा खुर्चीत. नितेशभाऊ, कॅमेऱ्याला हात नका लावू. आहे तस्सं राहू दे."

"आमचं तेज यंत्राला सोसत नाही, माई."

"मग तर बघायलाच हवं!" मागून शेजारीण शकू ओरडली. "बसा, बाबा!"

सगळा हॉल 'बसा, बसा' करू लागला. बाबा बसले. काकूंनी कॅमेऱ्यापाशी जाऊन बटण दाबलं. टीव्हीवर ठार काळोख.

"अगं बाई, बाबांवरसुद्धा छाया!" कुणीतरी ओरडलं.

काकूंनी चकती उलटी फिरवली, पुन्हा बटण दाबलं. बाबा असे उजळले की दाढी गेली, नाकही गेलं.

"आत्ता पापी, आत्ता ब्रह्मलीन!" सिद्धेशलाच हसू आवरेना.

"खिडकी उघडून पटकन लावली तर खोलीत उजेड थोडाच येतो," काकू म्हणाल्या. "कॅमेऱ्यातही तसंच. आतलं झाकण, म्हणजे शटर, डोळ्याची पापणीही लवणार नाही इतकाच वेळ उघडलं की माणूस काळा, जरा जास्त वेळ उघडं ठेवलं की गोरा. ते या चकतीवर ठरतं. फोन आपोआप उजेड जुळवतो, म्हणून आपल्याला हे ठाऊक नसतं."

"म्हणजे माझं पुण्य...?" दशरथरावांनी चाचरत विचारलं.

"लिफ्ट चालू करा, मग दिसेल," शकू म्हणाली.

बाबा कलियुगाच्या नावानं बोटं मोडत चपला शोधू लागले.

"देवाला हात जोडा, मीही जोडते," काकू म्हणाल्या. "पण घरच्या लेकीसुनेला कुणी काळी ठरवली, तर चकती कुणाच्या हातात आहे, तेवढं आधी बघा."

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून काकूंनी कापडी पिशवी घेतली. दीप्ती अजून झोपली होती. तिला न उठवता त्यांनी दार अलगद ओढून घेतलं आणि त्या ओवशाची नवी सुपं आणायला बुरुडाकडे निघाल्या.