‘लिफ्ट बंद आहे’ची पंचवीस वर्षं

मी रेडिओवर दिवस लिहितो. म्हणजे सकाळी आठला पाच मिनिटं असताना जो दीड मिनिटाचा ‘आजचा दिवस’ लागतो ना, तो गेली चौदा वर्षं माझ्या हातचा आहे. त्यात एक विचित्र दिवस असतो, दोन प्रसिद्ध लोकांचे वाढदिवस आणि शेवटी रॉक संगीताच्या इतिहासातली एक घटना. आज हरवलेल्या मोज्यांचा दिवस, आज शेजाऱ्याची शिडी परत करण्याचा दिवस, आज अमुक नटी इतक्या वर्षांची झाली, आजच्याच दिवशी तमुक बँडचा गायक स्टेजवरून पडला आणि पडल्या पडल्या गात राहिला. लिहितो मी, वाचते निवेदिका, आणि स्टेशनवर मला सगळे कॅलेंडर म्हणतात. मला ते आवडत नाही, पण चौदा वर्षांनी तक्रार करायची म्हणजे आपलंच हसं करून घेणं.

या कामात एक गोम आहे. बातम्या दोघं तपासतात, जाहिराती तिघं. ‘आजचा दिवस’ कोणीच तपासत नाही. शिडी परत करण्याचा दिवस खरोखर असतो का, हे विचारायला आजवर एकही माणूस माझ्या टेबलापाशी आलेला नाही. शिवाय फाइल दरवर्षी तीच. मागच्या वर्षीची उघडायची, सगळ्या आकड्यांत एक मिळवायचा, जे गेले त्यांना वाढदिवसांतून काढायचं आणि वाटलं तर एखादा शब्द इकडचा तिकडे करायचा. माझा सगळा गुन्हा त्या एखाद्या शब्दातच आहे.

आठ वर्षांपूर्वी मी त्या फाइलीत आमचा बँड घातला. आमचा म्हणजे माझा, ताईचा आणि जाड्याचा. ताई ड्रम वाजवायची आणि गायची, मी गिटार, जाड्या बेस. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो म्हणून बँडचं नाव ‘तिसरा मजला’. उभ्या आयुष्यात आमचा एकच जाहीर कार्यक्रम झाला, कॉलेजच्या हॉलमध्ये, साठ माणसांसमोर, आणि त्यातली निम्मी नात्यातली. चार गाणी झाली. त्यातलं ‘लिफ्ट बंद आहे’ लोकांनी पुन्हा म्हणायला लावलं. मग जाड्या परदेशात ट्रक चालवायला गेला, ताई नोकरीला लागली आणि बँड संपला. तर मी लिहिलं, ‘आजच्याच दिवशी तिसरा मजला या बँडने आपला पहिला कार्यक्रम केला.’ पहिला आणि शेवटचा, असं लिहायला हवं होतं. पण एवढी लबाडी कोण करत नाही?

पुढच्या वर्षी आकड्यात एक मिळवता मिळवता मी ‘गाजलेला’ हा शब्द घातला. तिसऱ्या वर्षी साठ माणसांचा ‘खचाखच भरलेला हॉल’ झाला. चौथ्या वर्षी गाण्याचं नाव आलं. पाचव्या वर्षी ही फाइल भरायच्या आठवड्यातच माझ्याहून बारा वर्षांनी लहान असलेल्या एकाला बढती मिळाली. त्याने आपल्या केकचा तुकडा कागदी बशीत घालून माझ्या टेबलावर आणून ठेवला. मी तो केक खाल्ला आणि लिहिलं, ‘लिफ्ट बंद आहे हे गाणं लिहिणारा आणि त्याला चाल लावणारा गिटारवादक खिळा.’ खिळा म्हणजे मी. तेव्हा मी तेवढा बारीक होतो.

गाणं मी लिहिलं नव्हतं. त्यातला एक शब्द माझा नाही, चाल माझी नाही. सगळं ताईचं.

आमच्या इमारतीच्या लिफ्टवर अकरा महिने तशी पाटी लटकत होती. बाबांचं छातीचं दुखणं तेव्हा वाढलं होतं आणि डॉक्टरांनी जिने चढायला-उतरायला बंदी केली होती, त्यामुळे ते अकरा महिने खाली उतरले नाहीत. खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायचे. ताईने ते गाणं त्यांच्यासाठी केलं, त्यांच्या पलंगाशी बसून, दोन लाकडी चमचे पाटावर आपटत. गाणं महावात्रट होतं. घरमालकाची त्यात अशी काही बिनपाण्याने केली होती की बाबा हसून हसून खोकायचे आणि आई ताईला दटावायची. मी बाहेरच्या खोलीत गिटारच्या तारा लावत होतो. माझा वाटा एवढाच.

ताईने मला कधी काही विचारलं नाही. ती कवळ्या बनवते. तिच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर घासायचं मशीन घरघरत असतं. त्या आवाजात रेडिओ कोणाला ऐकू जाणार, अशी मी माझी समजूत घातली होती. चार वर्षं ती समजूत मला छान पुरली.

यंदा स्टेशनला नव्या प्रमुख मॅडम आल्या. बाई कामाला वाघ. आल्या आल्या त्यांनी पुढच्या महिन्याची फाइल वाचून काढली. चौदा वर्षांत पहिल्यांदा ती कोणीतरी वाचली, आणि नेमकी तीच ओळ त्यांच्या डोळ्यांत भरली.

“कॅलेंडर, या ‘तिसरा मजला’ला पंचवीस वर्षं होतायत की! एक तासाचा थेट कार्यक्रम करू. हा खिळा जिवंत आहे का, जरा बघा.”

“आहे,” मी म्हणालो.

“कुठे असतो?”

खरं बोलून मोकळं व्हायची हीच वेळ होती. मी म्हणालो, “तुमच्यासमोर उभा आहे.”

मॅडम खुर्चीतून उठल्याच. एवढी वर्षं हा माणूस आपलं नाव न मिरवता कोपऱ्यात बसून राहिला, असं त्यांनी सगळ्या ऑफिसला ओरडून सांगितलं. बढतीवालाही येऊन पाठ थोपटून गेला. मी पाठ थोपटून घेतली. ड्रमवर माझी बहीण होती म्हटल्यावर मॅडम म्हणाल्या, “मग तर सोन्याहून पिवळं. दोघंही या.”

दुसऱ्या दिवशी ताईकडे गेलो. टेबलांवर प्लास्टरचे पांढरे जबडे रांगेने मांडलेले, प्रत्येकाखाली चिठ्ठी. ताई छोट्या ज्योतीवर मेण मऊ करून त्यात एकेक दात बसवत होती.

“बस. त्या स्टुलावर जबडा आहे, तो उचल आधी.”

जबडा मांडीवर घेऊन मी बसलो आणि म्हणालो, “ताई, रेडिओवर बोलावलंय आपल्याला. पंचवीस वर्षं झाली ना.”

“माहीत आहे.”

“तुला कसं माहीत?”

उत्तर पलीकडून आलं, कवळ्यांना पॉलिश करणाऱ्या मावशींकडून. “अहो, दरवर्षी त्या तारखेला आठ वाजायच्या आधी तुमची ताई आम्हाला मशीन बंद करायला लावते. गप्प बसा म्हणते, माझ्या भावाचं लागणार आहे.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे माझं खोटं चारही वेळा तिने ऐकलं होतं. शांतपणे, शब्दन् शब्द, चार बायकांच्या देखत. गाणं कोणाचं ते त्या चौघींना ठाऊक नव्हतं, पण तिला ठाऊक होतं. मी मांडीवरच्या जबड्याकडे बघत राहिलो, कारण तिच्याकडे बघवेना.

“ताई, त्या गाण्याचं...”

“ते तिथे बघू,” ती म्हणाली. दात मेणात दाबून तिने जबडा उजेडात धरून पाहिला. मग म्हणाली, “बाबांबद्दल बोलता येईल ना रे तिथे?”

“येईल की.”

“मग येते.”

जिना उतरतानाच मी ठरवलं. पहिला प्रश्न आला की पहिलं उत्तर हेच द्यायचं, की गाणं माझं नाही, ताईचं आहे. घरी बाथरूमचं दार लावून नऊ दिवस मी ते वाक्य घोकलं. वाक्य सोपं होतं. बायकोने दोनदा विचारलं, आत कोणाशी बोलताय म्हणून.

कार्यक्रमाच्या दिवशी ताई कडक इस्त्री करून, केस रंगवून आली. रेडिओवर कोणी बघत नाही, हे मी तिला सांगितलं होतं. नखांतलं प्लास्टर मात्र गेलं नव्हतं. आम्ही माइकसमोर बसलो. काचेपलीकडे मॅडम, बढतीवाला, जाहिरातीवाले, सगळं स्टेशन लोटलेलं. निवेदिकेने दोन शब्द बोलून थेट माझ्याकडे मोर्चा वळवला.

“सर, सगळ्यांना हेच जाणून घ्यायचंय. हे गाणं तुम्हाला सुचलं कसं?”

आणि माझी दातखीळ बसली. वाक्य होतं, घशापर्यंत आलं होतं. पण काचेपलीकडे बढतीवाला दोन्ही अंगठे वर करून उभा होता, मॅडम हसत होत्या, आणि त्यांच्यासमोर मी एका क्षणात पुन्हा कागदी बशीतला केक खाणारा होणार होतो. रेडिओवर चार सेकंदांची शांतता म्हणजे फार झाली. निवेदिका हाताने ‘बोला, बोला’ करू लागली.

ताईने माइक स्वतःकडे ओढला.

“तो लाजतो,” ती म्हणाली. “मी सांगते.”

आणि तिने सांगितलं. पाटी सांगितली, अकरा महिने सांगितले, खिडकीतल्या हाका सांगितल्या. बाबांच्या पलंगाशी बसून दोन चमचे आपटत गाणं रचणारा भाऊ सांगितला. स्वतःला तिने बाहेरच्या खोलीत बसवलं. इतकं हुबेहूब सांगितलं की काचेपलीकडचे लोक हसून वाकले. शेवटी म्हणाली, “गाणं पूर्ण झालं त्या दिवशी बाबांनी याला जवळ बोलावलं. म्हणाले, आज मी खाली जाऊन आलो बघ.”

हे मला माहीतच नव्हतं. बाबांनी तिला हे म्हटलं होतं आणि पंचवीस वर्षं तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं. माझी अब्रू झाकायला तिने तेही काढून दिलं.

मध्ये गाणं वाजलं. जाड्याने जपून ठेवलेली जुनी कॅसेट त्याने कुठून तरी पाठवली होती. ताईचा बाविसाव्या वर्षीचा आवाज घरमालकाला धारेवर धरत होता. ताई डोळे मिटून टेबलावर बोटांनी ताल देत होती. मला ते असह्य झालं. लाज म्हणजे काय, ते मला त्या तीन मिनिटांत कळलं. गाणं संपलं, माइक सुरू झाल्याचा लाल दिवा लागला आणि मी निवेदिकेच्या आधी बोललो.

“हे खोटं आहे. गाणं हिने लिहिलंय. चालही हिची. बाबा हिला म्हणाले होते ते. मी चार वर्षं रेडिओवरून खोटं लिहितोय.”

ताईने माझ्याकडे झटकन पाहिलं. मला वाटलं, तिला बरं वाटलं असेल.

निवेदिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. “श्रोतेहो, याला म्हणतात बहीणभावाचं प्रेम! बहीण म्हणते भावाचं, भाऊ म्हणतो बहिणीचं!” मग फोन सुरू झाले. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी सांगितलं की अशी जाहीर कबुली द्यायला छातीत दम लागतो, मुलांनी आदर्श घ्यावा. एक बाई म्हणाल्या, गाणं कोणाचंही असो, असा भाऊ मिळायला भाग्य लागतं. ताईला एकानेही एक प्रश्न विचारला नाही. काचेपलीकडे टाळ्या वाजत होत्या, आणि बाहेर आल्यावर मॅडमनी माझे दोन्ही हात धरले. फाइल उद्या दुरुस्त करा म्हणाल्या, पण काय रंगला कार्यक्रम! बढतीवाला ताईला म्हणाला, “ताई, तुम्ही पण काय बेमालूम थाप मारलीत हो! आम्हाला खरंच वाटलं.”

ताई कसनुशी हसली आणि जिन्याकडे निघाली. मी मागोमाग धावलो.

“ताई, सांगितलं ना मी शेवटी.”

ती पायरीवर थांबली. “कधी सांगितलंस? मी बाबांना तुझ्या स्वाधीन केल्यावर?”

“अगं, पण खरं ते...”

“तू आधी बोलला असतास तर गाणं माझं झालं असतं. आता काय झालं? थापा मारणारी मी, आणि खरं बोलणारा तू. उद्या वर्कशॉपमध्ये जाऊन काय सांगू मी त्या बायकांना?”

मी म्हणालो, “तू कशाला मध्ये पडलीस मग?” हे माझ्या तोंडून गेलं. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

ताई चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. “चार वर्षं वाट बघितली रे, खिळ्या,” ती म्हणाली. “आणखी चार सेकंद बघायला हवी होती. तेवढं चुकलं माझं.”

ती पुढे, मी मागे, असे आम्ही खाली आलो. दारावरचा रखवालदार रेडिओ कानाशी लावून बसला होता. ताई त्याच्यासमोरून गेली, त्याने मान वर केली नाही. मला पाहिलं तसा मात्र ताडकन उभा राहिला.

“साहेब, सगळं ऐकलं. मन मोठं आहे तुमचं,” असं म्हणून त्याने हात पुढे केला.

ताई फाटकापाशी पोचली होती. तिला ते ऐकू गेलं असणार. मी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणालो, “धन्यवाद.”