वरच्या गल्लीची वेळ

“ह्यात मासा कुठंय?” बिट्टीने काचेला नाक चिकटवून विचारलं.

टाकीत वाळू होती, सिमेंटचा एक छोटा किल्ला होता, मासा मात्र नव्हता. काचेवर ‘दुरुस्ती चालू आहे’ असा कागद डकवलेला होता आणि तो कागदही आता पिवळा पडला होता.

“किल्ल्याच्या आत झोपलाय,” आजोबा म्हणाले.

“दार लावून?”

“दार लावून. आतून कडी घालून.”

“आणि मधेच शू लागली की?”

“पाण्यातच तर राहतो लेकाचा. त्याला कशाची काळजी!”

नात आणि आजोबा दोघंही खिदळले. मागे उभी असलेली सूनही हसली, पण तिचे डोळे जागेवर नव्हते. ती मत्स्यालय बघत होती, मासे नाही. फरशी ओली आहे का, पायऱ्यांना कठडा आहे का, बाहेर जायची दारं किती, स्वच्छतागृह किती लांब. सोमवारपासून तिला पुन्हा चष्म्याच्या दुकानात उभं राहायचं होतं. बिट्टी झाल्यावर सोडलेली नोकरी मालकाने आपणहून परत देऊ केली होती, आणि ती नाकारण्यासारखी घरची परिस्थिती नव्हती. शाळा दुपारी सुटणार. शाळा सुटल्यापासून दिवे लागेपर्यंत बिट्टी कोणापाशी, हा एकच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर तिच्या नवऱ्याने चटकन देऊन टाकलं होतं.

“बाबा आहेत की. घरात बसून त्यांचा तरी काय वेळ जातो? त्या मत्स्यालयाचा वर्षाचा फॅमिली पास काढून टाकू. चालत जायच्या अंतरावर आहे. तू एकदा बघून ये, पैसा वसूल आहे का ते.”

म्हणून ती बघायला आली होती. पासाचं तर होतंच. पण खरं बघायचं होतं ते दुसरंच, आणि ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

तसं पाहिलं तर जागा वाईट नव्हती. बऱ्याच टाक्या रिकाम्या, माशांच्या नावांच्या पाट्या उलटसुलट लागलेल्या, पण आत गारवा होता. बसायला बाकं होती. लहान मुलांना नीट दिसावं म्हणून प्रत्येक टाकीपुढे एक बुटकी पायरी केलेली होती; ज्याने कोणी ती केली, त्याच्या घरात पोरं असणार, असं तिला वाटून गेलं. तिकीट खिडकीतल्या बाईने तर आत सोडतानाच गळ घातली होती. “पासच घ्या ताई. चार चकरा झाल्या की तिकिटापेक्षा स्वस्त पडतो. आमच्याकडे आजी-आजोबा रोज येतात नातवंडांना घेऊन.”

“जाताना सांगते,” ती म्हणाली होती.

आजोबांचा चेहरा मात्र दारातून आत आल्यापासून खुलला होता. प्रत्येक टाकीत वरून पाण्याची एक बारीक धार पडत होती, तिचे बुडबुडे खालपर्यंत जात होते. आजोबा मासे कमी आणि धारा जास्त बघत होते. मधेच एका भिंतीला त्यांनी कान लावला आणि बिट्टीला जवळ घेतलं.

“ऐक. काय येतंय ऐकू?”

“गुर्रर्र.”

“ते पाणी आहे. भिंतीच्या आतून चाललंय. पाणी आधी ऐकायचं, मग बघायचं.”

जन्मभर त्यांनी तेच केलं होतं. ते पाणी खात्यात चावीवाले होते. लांब दांड्याची लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्लोगल्ली फिरायचं, रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत घालून फिरवायची. ह्या गल्लीचं पाणी बंद, वरच्या गल्लीचं सुरू. खालच्या गल्लीतल्या बायका बादल्या घेऊन पाठीमागे लागायच्या. “चावीवाले दादा, थोडं सोडा ना हो अजून!” आजोबा कुणाचं ऐकत नसत. वेळ म्हणजे वेळ. फक्त कोणी म्हणालं, की घरात लहान लेकरू आहे, तर हात थांबायचा. एवढ्याशा गोष्टीवरून त्यांना दोनदा वरिष्ठांची बोलणी खावी लागली होती. सून लग्न होऊन घरात आली तेव्हा सासूबाई होत्या; त्यांनी हसत हसत सगळ्यात आधी हीच गोष्ट सांगितली होती. “ह्यांना लाच द्यायची तर कडेवर पोर घेऊन जावं!”

निवृत्त होताना चावी खात्यात जमा झाली. हात कुठे जमा करता येतात?

मागच्या महिन्यात एका दुपारी अख्ख्या इमारतीचं पाणी गेलं होतं. शेजारीण तणतणत जिन्यावरून खाली गेली, मागोमाग सूनही, तर टाकीखालचं चाक फिरवून बंद केलेलं, आणि बाजूला आजोबा कमरेवर हात ठेवून उभे. नंतर ते स्वतःच ओशाळून हसले. नवराही हसला. “अगं, आयुष्यभराची सवय आहे. हात आपोआप जात असतील.”

पण सुनेने त्या वेळी त्यांचे डोळे पाहिले होते. ते तिच्याकडे बघत होते आणि तिला ओळखत नव्हते. क्षणभरच. मग ‘अगं पोरी, तू इथे कशी?’ म्हणाले. हे ती नवऱ्याला सांगू शकली नव्हती. आपल्याच बापाबद्दल असलं कोणाला ऐकवेल?

आणि आज, ह्या गारव्यात, आजोबा इतके आनंदात, बिट्टी त्यांचं बोट धरून उड्या मारणारी. तिला वाटलं, आपलंच मन वाईट आहे. होईल सगळं नीट. पास काढू. दोघं इथे येतील, भिंतींना कान लावतील, बाकावर बसून डब्यातलं खातील.

पुढे काचेचा बोगदा होता. दोन्ही बाजूंनी पाणी, मधून वाट, पलीकडे मोठी टाकी आणि मग वळसा घालून पुन्हा इथेच. ती बाकावर बसली.

“बाबा, माझे पाय दुखताहेत. तुम्ही दोघं जाऊन या ना. मी इथंच आहे.”

तिचे पाय दुखत नव्हते.

“चल गं बिट्टू, आईला बसू दे म्हातारीला!” आजोबा म्हणाले. बिट्टीने मागे वळून टाटा केला. अंधुक निळ्या उजेडात ते दोघं लहान लहान होत गेले आणि वळणावर दिसेनासे झाले.

ती बसून राहिली. समोरच्या टाकीत पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा एक थवा धारेभोवती घुटमळत होता. शेजारी एक बाप आपल्या मुलाला पाटी वाचून दाखवत होता आणि मुलगा “पण हा तो नाहीये!” म्हणून हट्टाला पेटला होता. कुठूनतरी यंत्राची घरघर येत होती. तशी ती आत आल्यापासूनच येत असणार.

हे तिला कळलं, कारण घरघर बदलली. आधी चिरकी झाली, मग दबली. कोणीतरी तोंडावर हात ठेवल्यासारखी.

समोरच्या टाकीतली धार बारीक झाली. मग नुसते थेंब. मग तेही नाहीत. बुडबुडे एकेक करून वर गेले आणि फुटले. पिवळे मासे जिथे धार पडायची त्याच जागी गोळा झाले आणि तोंडं वर करून थांबले.

“आई, पाणी बंद झालं,” शेजारचा मुलगा बापालाच आई म्हणाला, इतका तो काचेत हरवला होता. बाप हसला.

ती उठली आणि पळत सुटली. बोगद्यात तिच्या चपलांचा आवाज घुमला. वळणावर एक जोडपं, मग कोणी नाही. मोठ्या टाकीपुढे, बुटक्या पायरीवर, बिट्टी एकटी उभी होती. काचेपलीकडे तिच्याहून मोठा एक करडा मासा तिच्याकडे तोंड करून स्थिर झाला होता.

“आजोबा कुठंयत?”

“ते पाणी बंद करायला गेलेत,” बिट्टी शहाण्यासारखी म्हणाली. “मला म्हणाले, इथंच थांब, हलायचं नाही. मी हलले नाही.”

टाकीच्या बाजूला एक राखाडी दार होतं. ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’. माशांच्या खाण्याची बादली मधे अडकवून कोणीतरी ते उघडंच ठेवलं होतं. तिने बिट्टीला कडेवर घेतलं आणि बादली ओलांडून आत गेली.

आत उजेड पिवळा आणि ओला होता. चिंचोळी वाट, भिंतीवरून गेलेले जाड नळ, आणि उजव्या हाताला लोखंडी जाळीच्या चार पायऱ्या. पायऱ्यांच्या वर मोठ्या टाकीचं उघडं तोंड होतं. त्याला कठडा नव्हता. काळं पाणी तिच्या छातीच्या उंचीवर हलत होतं. बिट्टी थांब म्हटल्यावर थांबली, म्हणून. एरवी ती कधी थांबत नाही. एवढंच तिच्या मनात आलं आणि तिने लेकीला इतकं घट्ट धरलं की बिट्टी “दुखतंय!” म्हणाली.

वाटेच्या शेवटी आजोबा होते. नळावरच्या लाल चाकावर दोन्ही हात, पाय रुंदावून, पाठ ताठ. इतकं ताठ तिने त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

“बाबा.”

त्यांनी मान वळवली. शांतपणे तिच्याकडे पाहिलं.

“बाई, तुमचं पाणी झालं. आता वरच्या गल्लीची वेळ.”

“बाबा, अहो मी…”

“सगळ्यांनाच हवं असतं हो. पण वेळ म्हणजे वेळ. आता उद्या सकाळी.”

पाठीमागे पाणी टाकीच्या काठाला हळूच चाटत होतं. कुठेतरी पंप अडकलेल्या घशासारखा गुरगुरत होता. चाक हिसकावून घ्यावं असं तिला वाटलं. पण ते हात तिला माहीत होते, ते सुटले नसते. आरडाओरडा करावा, तर बिट्टी घाबरली असती. तिने लेकीला कडेवर सावरलं आणि डोक्यावरची ओढणी नीट केली.

“चावीवाले दादा,” ती म्हणाली. “थोडं सोडा ना अजून. एकच बादली राहिलीय.”

“नाही जमायचं.”

“घरात लहान लेकरू आहे हो, दादा. हे बघा ना.”

आजोबांनी बिट्टीकडे पाहिलं. बिट्टीला हा नवाच खेळ वाटला. ती म्हणाली, “सोडा ना हो दादा!”

आजोबांचा चेहरा विरघळला.

“लेकरू आहे होय,” ते म्हणाले. “आधी नाही का सांगायचं?”

चाक उलटं फिरू लागलं. भिंतीतून गुरगुर आली, नळ थरथरले, आणि वर कुठेतरी धारा पुन्हा पडू लागल्या. आजोबा कान देऊन ऐकत राहिले. मग त्यांचे खांदे खाली आले. हातांवरच्या ओल्या गंजाकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं.

“अगं पोरी,” ते म्हणाले, “आपण कुठे आलोय?”

तेवढ्यात रखवालदार धावत आला. “ओ! इथे यायचं नाही! पाटी वाचता येत नाही का?”

“बाबांना चक्कर आली,” ती म्हणाली. “हवा लागावी म्हणून आत आणलं. चुकलं आमचं.”

रखवालदार कुरकुरत बादली उचलून गेला. आजोबांनी खिशातून रुमाल काढला आणि हात पुसले. बोगद्यातून परत येताना पुन्हा पुसले. बिट्टी त्यांचं बोट धरून चालत होती आणि मधे मधे “सोडा ना हो दादा!” म्हणून स्वतःशीच हसत होती. सून मागून चालली होती. बाहेर काय बोलायचं, रात्री नवऱ्याला कुठून सुरुवात करून सांगायचं, दुकानाच्या मालकाला काय कळवायचं, हे सगळं तिच्या डोक्यात एकदम आलं आणि कशाचंच टोक सापडेना.

तिकीट खिडकीतल्या बाईने लांबूनच हात केला. “काय ताई, कशी वाटली जागा? काढायचा ना पास?”

“जागा चांगली आहे,” सून म्हणाली. खोटं नव्हतं ते. “मुलं रमतात. फक्त… बरोबर मोठं माणूस हवं. लक्ष ठेवायला.”

“मग आजोबा आहेत की बरोबर!”

रांगेत मागच्या माणसाने घसा खाकरला. सुनेने आजोबांकडे बघायचं टाळलं आणि पिशवीत उगाच काहीतरी शोधू लागली.

तेव्हा आजोबा वाकले. आपल्या बोटाभोवतीची बिट्टीची मूठ त्यांनी हलकेच उघडली, एकेक बोट सोडवलं, आणि तो चिमुकला हात सुनेच्या हातात ठेवला.

“धर हिला,” ते म्हणाले. “माझे हात ओले आहेत.”

ते हात केव्हाचे सुकले होते.