फुकटा पाय

मुलीचं लग्न ठरल्यावर व्याही-विहीण पहिल्यांदाच जेवायला यायचे होते, आणि नेमकं त्याच दिवशी जेवणाचं टेबल डुगडुगायला लागलं.

"पायाखाली पुठ्ठा सारा," बायको म्हणाली.

पण नवरा पडला पदार्थविज्ञानाचा निवृत्त मास्तर. पुठ्ठा सारणं त्यांच्या शास्त्रात बसेना. ते जमिनीवर पालथे झाले आणि एका पायाखालून कागद आरपार सरकवून ओरडले, "अगं, हा पाय फुकटा आहे! सगळा भार बाकीचे तिघं वाहतायत."

"वाहू द्या. तुम्ही उठा."

मास्तर उठले ते पाना घेऊनच. त्यांनी पाय काढला, समोरच्या कोपऱ्यावर रश्शाचं भरलेलं पातेलं ठेवलं, आणि टेबल खरंच तीन पायांवर ठाम उभं राहिलं. मास्तरांची छाती फुगली. दाद मिळेल म्हणून बायकोला हाक मारणार, तोच दारावरची घंटी वाजली. घाईघाईत पाय परत बसवायला गेले, तर बोल्टचे आटेच गेलेले. पाय सोफ्यामागे ढकलून मास्तर रिकाम्या कोपऱ्याशी बसले आणि टेबलाला खालून गुडघा लावला.

रस्सा झकास झाला होता. विहीणबाईंनी दुसऱ्यांदा घेतला, व्याह्यांनी तिसऱ्यांदा. पातेलं हलकं होईल तसतसं टेबल मास्तरांच्या गुडघ्यावर रेलत चाललं.

"बास करा आता," मास्तर कळवळून म्हणाले.

व्याह्यांचा डाव हवेतच राहिला.

"म्हणजे... पातेल्यावर हात टेकून निवांत बसा. आपलंच घर समजा."

"अहो, काय बोलताय? पाणी आणा आधी," बायको म्हणाली. मास्तर हलेनात. डोळ्यांनी नुसते खाली खुणावत राहिले. ती चमचा पडल्याचं निमित्त करून वाकली, आणि सगळं समजून चुकली. तिने खुर्ची नवऱ्याला खेटून घेतली आणि आपलाही गुडघा लावला.

"पाहुणे जाऊ देत, मग बघते तुमच्याकडे," ती हसऱ्या तोंडाने पुटपुटली. मास्तरांना त्यातही हायसं वाटलं.

विहीणबाई कौतुकाने बघत होत्या. "या वयातही किती जवळ बसता हो! शिका जरा," त्या आपल्या नवऱ्याला म्हणाल्या.

व्याह्यांनी निमूट खुर्ची उचलली आणि बायकोशेजारी जाऊन बसले. जाताना पातेलंही घेऊन गेले.

दोन्ही गुडघ्यांवर टेबल एकदम आदळलं, पण पडलं नाही. नवरा-बायको जेवण संपेपर्यंत जागचे हलले नाहीत, तेव्हा ताटं शेवटी विहीणबाईंनीच उचलली.