खोल खिशाचा काळा कोट

मी कोट. कायदा विभागाच्या दारामागे खुंटीला असतो ना, तो काळा. जरा बसता का जवळ? आज माझं मन थाऱ्यावर नाही. कुणाशी बोललो तर बरं वाटेल.

मला लिहिता-वाचता येत नाही, हे आधीच सांगतो. कागदांच्या ढिगात जन्म गेला, पण अक्षराशी गाठ पडली नाही. मला कळतात ती काळजं. घालणारीची धडधड थेट बटणांपर्यंत येते.

मला शिवलं त्या शिंप्यानं हयातभर पुरुषांचेच कोट बेतले होते. थोरल्या वकीलबाई मापाला आल्या तेव्हा या कंपनीच्या कायदा विभागात त्या एकट्याच बाई. शिंपी म्हणाला, "बाई, तुमच्या कोटाला खिसे कशाला? घाट बिघडेल."

"बिघडू दे, काका. दोन लावा, आणि खोल लावा. मी जिथं चाललेय तिथं राग ठेवायला जागा लागेल."

जागा लागली खरी. अठरा वर्षं त्यांनी मला अंगावर वागवलं. निवृत्त होताना दारामागे खुंटी ठोकून घेतली, मला टांगलं आणि तोवर आलेल्या मुलींना म्हणाल्या, "पोरींनो, संचालक आत बोलावतात ते ऐनवेळी. अवतार कसाही असो, हा चढवा आणि ताठ जा. परत टांगताना पुढचीसाठी खिशात चिठ्ठी ठेवा."

एकदा एकीनं चिठ्ठी मोठ्यानं वाचली, "खिडकीजवळचे साहेब तिसऱ्या वाक्याला तोडतात. मुद्दा दुसऱ्यातच सांगून टाक." सगळ्या खो खो हसल्या, म्हणून मला कळली. नाहीतर चिठ्ठ्या पोटात बाळगायच्या आणि त्यात काय आहे ते ठाऊक नाही, असा माझा जन्म.

थोरल्या बाईंनी आणखी एक रीत लावली होती. करार बाहेर जाण्याआधी दोघींनी तपासायचा. एकीनं मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं आपल्या प्रतीवर ओळीखाली लाकडी पट्टी धरून ऐकायचा. डोळा फसतो, कान फसत नाही, म्हणायच्या. कचेरीच्या नियमात हे कुठंच नाही. बायकांचं आपसातलं.

गेल्या वर्षीची गोष्ट. मधल्या वकीलबाई थोरल्यांच्या हाताखाली तयार झालेल्या. विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होत होती आणि ती त्यांनाच मिळणार, हे शिपायालाही ठाऊक होतं. धाकटीला तेव्हा लागून सहाच महिने झालेले. तिनं जुन्या करारावरून नवा बेतला. नावं सगळीकडे बदलली, पण शेवटच्या पानावर जुन्या ग्राहकाचं नाव आणि त्याचे गुपचूप ठरलेले दर तसेच राहिले.

पट्टी घेऊन ती मधलीच्या टेबलाशी आली होती. मधली फोनवर. पट्टीकडे न बघताच म्हणाली, "अगं, तुझं काम चोखच असतं. पाठव."

दुसऱ्या दिवशी बोभाटा झाला. धाकटीला आत बोलावलं. तिनं मला चढवलं तेव्हा हाताला बाही सापडेना. तिचं काळीज पिंजऱ्यातल्या उंदरासारखं धावत होतं.

मधली दारात आडवी आली. "मी येते."

"नको, ताई. खुर्ची जाईल तुमची. मी बोलले नाही, तुम्ही बोलू नका. कोण विचारतंय पट्टीचं?"

मधली थबकली. क्षणभर नाही हो, चांगली थबकली. माणूस आहे शेवटी. धाकटी एकटीच आत गेली.

"कुणाला दाखवला होता करार?" खिडकीजवळच्या साहेबांनी विचारलं.

"कुणालाच नाही. मीच पाठवला."

तेवढ्यात दार वाजलं. मधली आत आली आणि उभ्याउभ्याच बोलली. "ही तपासायला माझ्याकडे आली होती. मी न ऐकता पाठव म्हटलं, चूक माझी. आता हे निस्तरायचं तर..."

तिथं साहेबांनी तोडलंच. पण मुद्दा सांगून झाला होता.

धाकटीची नोकरी राहिली. मधलीची खुर्ची गेली, बाहेरून एक साहेब आणून बसवले. त्यानंतर दोघी नुसता दर करार वाचत राहिल्या, पट्टी लावून, एकदा ही, एकदा ती.

ते साहेब वर्षभरात दुसरीकडे गेले. खुर्ची पुन्हा रिकामी. आज अकरा वाजता मधलीला आत बोलावलंय.

आता कळलं माझा जीव का थाऱ्यावर नाही? कोपरांना चकाकी आलीय, अस्तर उसवलेलं. काल धाकटीनं ते शिवलं. टाके कराराच्या कलमांसारखे लांबलचक, पण शिवलं. मग हळूच खिशात काहीतरी ठेवून गेली. कुणाला बोलली नाही. तेव्हापासून ती घडी टोचतेय. काय असेल? धीर? माफी? नोकरी सोडल्याचं तर नाही ना?

मधली आली. मला चढवलं. बाप रे, काय धडधड ही! हात खिशात गेला, घडी उलगडली. सवयीनं बाई मोठ्यानंच वाचू लागल्या, थोरल्यांचे उपकार.

"ताई, मी दाराबाहेरच बसलेय. पट्टी आणलीय. तुम्ही बोला, मी ऐकते."

बाई हसल्या. नाक पुसलं, माझ्याच बाहीला. पुसा, पुसा.

जाता जाता तुम्हाला एक विनंती. उद्या जुना म्हणून मला खुशाल टाका, पण आधी खिसा बघा. सापडेल ते मोठ्यानं वाचा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळू दे.

आता गप्प बसतो. आत आलोय. बाईंचं पहिलं वाक्य झालं. दुसरंही झालं.

खिडकीजवळचे साहेब खाकरले.

खाकरू देत.